कोचचं बोलणं गोड करून
मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी भांडखोर आहे हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे, तेव्हा यात त्याचा दोष किती आणि माझा किती, हे ठरवत बसत नाही. चाळिशीचा इंग्रज, भुवईवर टाक्यांची खूण, मैदानावर थुंकायची सवय, आणि माझ्याशी बोलताना दर वाक्याच्या शेवटी 'लव्ह'. मला असलं काही म्हणायचं नाही, असं मी त्याला दोनदा बजावलं. "आमच्याकडे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा म्हणतात, लव्ह," असं म्हणून तो शिट्टी वाजवायला निघून गेला.

जपानमधल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती तेव्हा आम्ही फुनाबोरीला राहायला आलो. नवरा विद्यापीठात संशोधक, मुलगी दहा वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणींचं बघून तिला फुटबॉलचं वेड लागलं. नदीकाठच्या मैदानावर पालकांनीच चालवलेला मुलामुलींचा एक क्लब होता. आधीचा परदेशी कोच भूकंपानंतर मायदेशी निघून गेला होता, आणि सगळे विमानतळाकडे पळत असताना हा प्राणी उलट्या दिशेनं येऊन ठेपला होता. आठवडाभर बालवाडीत इंग्रजी शिकवायचा, आणि आम्ही आलो त्याच महिन्यापासून शनिवार-रविवार आमच्या मुलांना पळवायला लागला होता. बाकीच्या दिवसांचा सराव पालक घेत.

त्याला जपानी येत नव्हतं, पालकांना इंग्रजी येत नव्हतं. मी पुण्यात जपानी शिकलेली, तिथल्या एका कारखान्यात सहा वर्षं दुभाषी होते. त्यामुळे क्लबनं मला लगेच कामाला लावलं. या क्लबात आयांना पाळीपाळीनं कोच मंडळींसाठी बार्लीचा थंड चहा घेऊन यावं लागे, थर्मास, कप, ओले रुमाल, सगळा सरंजाम. ती पाळी मला माफ झाली. त्या माणसाला चहाचा कप वाकून द्यायचा नाही, एवढ्यासाठी मी आनंदानं दुभाषी झाले.

दुभाष्याचं काम लोकांना वाटतं तसं नसतं. कारखान्यात जपानी साहेब रागावून काही बोलला की मी मराठी सुपरवायझरला म्हणायची, "साहेब म्हणतायत, अजून थोडं चांगलं होईल." सुपरवायझर चिडून शिवी हासडायचा, ती जपानीत जाईपर्यंत विनंती झालेली असायची. सहा वर्षांत एकही भांडण झालं नाही, म्हणून मला बक्षीस मिळालं होतं. मला माझ्या या कसबाचा अभिमान होता. घरी मी जीभ सैल सोडते, पण पगाराच्या कामात माझ्याइतकं गोड कुणी नव्हतं.

पालकांची पहिली सभा वस्तीच्या हॉलमध्ये तातामीच्या चटयांवर झाली. त्यानं उभं राहून स्वतःची ओळख करून दिली. सोळाव्या वर्षी एका क्लबनं घेतलं, तिथे मोठ्या खेळाडूंचे बूट घासले. एकोणिसाव्या वर्षी मॅनेजरनं गाडीतळावर, गाडीची काचसुद्धा पूर्ण खाली न करता, सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मग चौथ्या पातळीवरचा क्लब, मग तिसऱ्या, मग पुन्हा चौथ्या, मग उसना दिलेला खेळाडू म्हणून कुठल्या कुठल्या गावांत. मैदानाच्या मधोमध खेळायचा. "म्हणजे दुसऱ्यांनी गोल करावा म्हणून धावायचं, आणि त्यांनी चूक केली की परत धावायचं," असं तो म्हणाला. गुडघा दुखतोय म्हटलं तर सामन्याआधी दुखणं दाबायची सुई टोचायचे. एकूण सात क्लबांनी काढून टाकलं. तेहतिसाव्या वर्षी गोदामात खोकी उचलायला लागला, तेव्हा जिन्यानं उतरता येत नव्हतं. मग तो म्हणाला, "तुमच्या मुलांना रोज खेळवू नका. आठवड्यात किमान दोन दिवस पूर्ण सुट्टी. गुडघा दुखला की खेळ बंद. माझ्यासारखं व्हायचं नसेल तर एवढं ऐका."

समोर पंचवीस आया-बाप गुडघे दुमडून बसले होते. माझा त्यांच्यात पहिला दिवस. मी त्यांना जपानीत सांगितलं, "कोचनी इंग्लंडमध्ये अनेक क्लबांसाठी व्यावसायिक फुटबॉल खेळलेलं आहे. ते म्हणतात, मेहनतीबरोबर विश्रांतीकडेही लक्ष असू द्यावं." सगळे एकदम वाकले. त्याला वाटलं, सगळ्यांनी मान्य केलं. माझी लेक मागच्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली होती. तिला दोन्ही भाषा कळत होत्या, जपानी मीच तिला लहानपणापासून घरी शिकवलेलं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून तो वस्तीत मोठा माणूस झाला. इंग्लंडचा खेळाडू म्हणून लोक दुकानात त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. मी त्याचा मनापासून तिरस्कार करत होते आणि त्याची कीर्तीही मीच तयार केली होती. पालकांनी शाळेआधीचा सकाळचा सराव रोजचा केला. त्याच्या तोडीची मुलं घडवायची तर एवढं हवंच, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या वर्षी सभेत तो तेच बोलला, जरा चढ्या आवाजात. मीही तेच सांगितलं.

मुलगी बारा वर्षांची झाली. मैदानाच्या मधोमध खेळायची, त्याच्याच जागी, आणि चांगली खेळायची. हे मी आई म्हणून नाही सांगत, इतर आयांचे चेहरे बघून सांगते. वसंतात मुलींच्या एका मोठ्या संघाची निवड चाचणी होती आणि दोन वर्षं तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. हिवाळ्यात तिच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलं. ती लंगडत होती, पण चाचणी जवळ आली होती, म्हणून मी हळदीचा लेप लावून तिला सरावाला पाठवत राहिले. कोच विचारेल तेव्हा काही सांगू नकोस, असंही बजावलं. शेवटी जिना उतरताना ती रडायला लागली तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. वाढत्या वयात अति धावल्यानं हाड ओढलं गेलंय, निदान सहा महिने खेळ बंद, असं डॉक्टर म्हणाले. चाचणी दीड महिन्यावर आली होती. घरी येऊन तिनं खोलीचं दार लावून घेतलं, मी हाक मारली की जपानीत एवढंच म्हणायची, "नको."

शनिवारी ती कोचला सांगायला माझ्या पुढे गेली. तो तिच्यावर ओरडला, मी दुरून ऐकलं, "दोन दिवस सुट्टी म्हणून मी दोनदा बोंबललो नाही का?" मुलगी काही तरी बोलली. मग तो माझ्याकडे आला. या वेळी 'लव्ह' नव्हतं.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"त्यांना ऐकून घेता येईल असं सांगितलं."

"मी काय म्हणालो होतो?"

मी चिडले. चूक माझी असली की मी जास्त चिडते. म्हटलं, "सात क्लबांनी हाकलून दिलेला माणूस, हे सांगितलं असतं तर यांच्यातल्या एकानं तरी तुझ्याकडे पोर पाठवलं असतं का? तुझी इथे जी काही इज्जत आहे ती माझ्यामुळे आहे."

"मी इज्जतीसाठी सांगत नव्हतो," तो म्हणाला. "मला जे कुणी सांगितलं नाही, ते सांगत होतो." मग बोट रोखून म्हणाला, "उद्या सभा. मी बोलणार, तू सांगणार. तुझी पोरगी ऐकेल आणि एक जरी शब्द बदललास तर मला कळवेल."

रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पोटात दुखतंय म्हण आणि घरी बस." मुलीनं मान वर न करता इंग्रजीत म्हटलं, "आई येणार आहे."

हॉलमध्ये ती भिंतीला टेकून बसली, पाय सरळ पसरून, कारण गुडघा दुमडत नव्हता. तो बोलला आणि मी एकेक गोष्ट सांगत गेले. गाडीतळ, उसना खेळाडू, सुया, गोदाम, जिना, सात क्लब. पंचवीस चेहऱ्यांवरचं इंग्लंडच्या खेळाडूबद्दलचं कौतुक उतरताना बघितलं. मग पाठोपाठ रोजच्या सरावाचा आणि मुलांच्या दुखण्यांचा हिशोब त्यांच्या मनात जुळायला लागला. एका आईनं शेजारी बसलेल्या आपल्या मुलाच्या पोटरीवर हात ठेवला.

शेवटी त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "हे सगळं मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ही बाई दोन वर्षं तुमच्याशी खोटं बोलली."

मी तोंड उघडलं आणि सहा वर्षांची सवय आपणहून बाहेर आली. "माझ्या सांगण्यात," मी म्हणाले, "थोडं कमी-जास्त झालं असावं."

"नाही," भिंतीकडून आवाज आला. स्वच्छ जपानीत, माझ्या जपानीपेक्षा कितीतरी स्वच्छ. "कोच तसं म्हणाले नाहीत."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. ती माझ्याकडे बघत होती. मला तिचा राग आला, इतका की क्षणभर वाटलं, हात धरून बाहेर न्यावी. मग तिच्या पसरलेल्या पायाकडे लक्ष गेलं.

"ही बाई," मी म्हणाले, "दोन वर्षं तुमच्याशी खोटं बोलली."

तिनं होकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघून नाही, कोचकडे बघून.