सालीकडे तोंड केलेला कॅमेरा

आधीच सांगते — भूत, देवचार, राखणदार यातलं मी काही मानत नाही. कुडाळजवळच्या काजू कारखान्यात बिया फोडून आईची बोटं चिकाने सोलवटायची, त्यावर माझी फी भरली गेली. घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. असल्या गोष्टींना वेळ होता कुणाकडे?

आता मॉन्टानाच्या डोंगरांत वुल्व्हरीनवर मास्टर्सचा थीसिस करत होते. दिसायला छोटं अस्वल, पण कूळ पाणमांजराचं. गोठलेलं हाडही कडाकडा फोडतो. प्रत्येकाच्या छातीवरचा फिकट पट्टा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. म्हणून हरणाचा पाय उंच टांगायचा आणि समोरच्या झाडाला कॅमेरा लावायचा. तो पाय खेचायला उभा राहिला की छातीचा फोटो! या हिवाळ्यात तो मिळाला नाही तर माझ्या वाट्याची ही दरी वुल्व्हरीनच्या सर्व्हेमधून बाद, आणि थीसिसही.

पण दर खेपेला कॅमेरा उलटा फिरलेला... स्वतःच्याच झाडाकडे तोंड. ब्रॅकेटचं कुलूप शाबूत, बर्फावर एक पाऊल नाही. कार्डात नुसती साल! बॅटरी बदलली, ब्रॅकेट बदललं, झाड बदललं. तरी साल.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगो, जागेवाल्याक गाऱ्हाणा घातलंस काय?" म्हणजे त्या जागेच्या राखणदाराची परवानगी.

"आई, ही अमेरिका आहे!"

"मगे? थंयसर जागा नाय?"

माझा नवरा निखिल पुण्याचा, आयटीतला. "घाल ना यार, त्याला मालवणी येत असेल तर," म्हणाला.

पुढच्या खेपेला वैतागून मी बर्फात हात जोडून ओरडलेच — "बा देवा म्हाराजा! फोटो काढूक इलंय, तुझा काय एक नेवचा नाय. आता पुरे कर!"

मागून, सोबत आलेला निखिल, गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी द्यायची साद शुद्ध पुणेरीत, "होय महाराजा!"

पुन्हा गेलो तर कॅमेरा परत उलटा. रडूच आलं. निखिलने कार्ड लॅपटॉपला लावलं. साल, साल, साल... मग वुल्व्हरीन, ताठ उभा, छातीचा पट्टा लख्ख. तीन फोटो. त्यानंतर परत साल.

"ग्लिच असेल," निखिल म्हणाला.

"ग्लिच मान वळवतो?"

कॅमेरा तपासून घेतला, बिघाड निघाला नाही. याचा मला आजही भयंकर राग येतो.

दरी सर्व्हेत राहिली. थीसिस पास झाला.