काकूचा हात

नासलेल्या अंड्याचा वास आला की मला नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागचं अंगण आठवतं. मी आठवीत होते. संक्रांतीच्या सुमारास आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, टोपलीतून उठेचना, म्हणून काकूने भुसा पसरून तिच्याखाली घरचीच अंडी ठेवली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही काकूला मूल नव्हतं. दाणे टाकताना ती कोंबडीशी हळू आवाजात बोलत बसायची. तीन आठवडे उलटले तरी एकही पिल्लू निघालं नाही, आणि एक अंडं फुटून अंगणभर घाण सुटली. आत्याने नाकाला पदर लावला. "तुले कोनं सांगतलं होतं वं अंडे ठेवाले? त्याले लेकुरवाळीचा हात लागते." मी मोठ्यांमध्ये सहसा बोलत नाही, पण तेव्हा म्हणाले, "आत्या, घरात कोंबडाच नव्हता. दिवाळीला तुझ्या जावयासाठी कापला ना?" "पाहा, इंग्रजी शाळेत हेच शिकवून राहिले पोरीले!" आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. उन्हाळ्यात कोंबडी पुन्हा बसली, तेव्हा बाबांनी खापा गावच्या एका शेतावरून अंडी आणली. तिथे कोंबडे मोकळे फिरायचे. ती अंडी आईने ठेवली, टोपली पिल्लांनी भरली, आणि मग कुणालाच शंका उरली नाही. परवा माझ्या हळदीला मी काकूला हळद लावायला हाक मारली. ती दारातच थांबली. "माह्या हातानं नको, बेटा," ती म्हणाली, "तुले तं सारं माहीतच हाये."