ओव्याच्या डब्यातले शब्द
ओव्याच्या डब्याचं झाकण उघडलं की आजही माझ्या जिभेवर आधी इंग्रजी शब्द येतात. परदेशात नर्सची नोकरी मिळवायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती, आणि नवीन जालन्यातल्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझे पाय ठणकायला लागलेले असायचे. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी कार्डं केली होती, पुढं इंग्रजी शब्द, मागं मराठी अर्थ. आई गवार मोडत मोडत एकेक कार्ड दाखवायची, मी अर्थ सांगायचे, ती मागं वाचून ‘बराबर’ म्हणायची. आलेलं कार्ड ओव्याच्या जुन्या डब्यात, न आलेलं चहाच्या. चहाचा डबा काही केल्या रिकामा होईना. एका संध्याकाळी माझे डोळे मिटत होते. आईनं चहाच्या डब्यातून कार्ड काढून समोर धरलं, तर त्याला ओव्याचा वास. पुढच्यालाही. म्हणजे मी कामावर गेले की आलेली कार्डं परत चहाच्या डब्यात जात होती. “आई, हे तर मला कालच आलं होतं.” ती मान वर न करता म्हणाली, “पक्कं झालं न्हाई अजून. जायची एवढी काय जल्दी करून राह्यलीस?” माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. मी पुन्हा अर्थ सांगितला, ती पुन्हा ‘बराबर’ म्हणाली, पण हळू. आज इतक्या दूरच्या वॉर्डात, थकून डोकं चालेनासं होतं तेव्हाही जे शब्द न अडखळता तोंडातून निघतात, ते सगळे तिनं परत चहाच्या डब्यात टाकलेले असतात.