आईसाठी निवडलेली उंच गाडी

तुम्ही चहा घ्या, गार होईल. आणि ऐकून झाल्यावर बाजारात कुणाला सांगू नका, एवढंच मागणं आहे. तसं जव्हारच्या अर्ध्या बाजाराला हे माहीत आहेच. पण उरलेल्या अर्ध्यासमोर तरी मला मान वर करून चालू द्या.

मी आयुष्यात एकच मोठा निर्णय घेतला. एकच. तो आता आमच्या दारात उभा आहे, पांढऱ्या रंगाचा, चार चाकांचा. रोज सकाळी दार उघडलं की आधी तोच दिसतो आणि माझा दिवस तिथेच संपतो.

सुरुवातीपासून सांगतो. आमचं जव्हारला धान्याचं दुकान. बाबा गल्ल्यावर बसतात. मोठा दादा ऑफिसात कारकून, वहिनी घरीच शिवणाचा क्लास घेते. मी नववीतून शाळा सोडली. तेव्हा शाळेला आणि मला, दोघांनाही बरं वाटलं. तेव्हापासून दुकानाचा पिकअप चालवतो. आठवड्यातून दोनदा मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून नाशिक. जाताना नाचणी, वरई, तांदूळ. येताना साखर, तेल, डाळी. चढवणं मीच, उतरवणं मीच. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, आणि पोती काही उलट बोलत नाहीत. त्यामुळे आमचं छान जमतं.

घरात मला कुणी काही विचारत नाही. प्रेम आहे हो, पण विचारत नाहीत. भिंतीला रंग कुठला द्यायचा हे दादा ठरवतो, मी डबे उचलून आणतो.

आता आईचं सांगतो. आईचे गुडघे गेलेत. त्यात उंची एवढीशी, दुकानात उभी राहिली तर गल्ल्याच्या मागे नुसता अंबाडा दिसतो. एसटीची पायरी चढून तिला दोन वर्षं झाली. काळी-पिवळी जीपही तशीच उंच. रिक्षात बसता येतं, पण मोखाड्याच्या रस्त्याला रिक्षातून नेलं तर गुडघ्यांबरोबर कंबरही जायची. आणि आईला जायचं असतं ते मोखाड्यालाच. तिथे तिची सख्खी मोठी बहीण, माझी मावशी. अंतर पाऊण तासाचं. पण दोन वर्षं दोघी फोनवरच भेटतात. रोज संध्याकाळी अर्धा तास बोलायचं आणि शेवटी म्हणायचं, "बघू गं, जमलं तर येते." कुणालाच जमत नाही.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. आईला मावशीकडे न्यायला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी नेमकं हेच विसरलो.

गाडी घ्यायची, पण कुठली? दादाला सेडान हवी होती. लहानशी, पण मागे डिकी असलेली. त्याच्या मते डिकी नसली तर ती गाडी नव्हे, टोपलं. बाबांना उंच गाडी हवी होती, ती छोटी एसयूव्ही म्हणतात तशी. त्यांचं म्हणणं, आपल्या रस्त्यात खड्डे नाहीत, खड्ड्यांत थोडा रस्ता आहे, तिथे बुटकी गाडी पोटावर सरपटेल. पंधरा दिवस जेवताना हाच विषय. भाजी कशी झाली हे कुणी वहिनीला सांगितलंच नाही. शेवटी तिनेच मीठ घालायचं सोडून दिलं, तेही दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? मोखाड्याला पोचवा म्हणजे झालं."

आणि मग एका दुपारी बाबांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"चालवणार हा. रस्ता रोज हाच तुडवतो. हा ठरवेल."

मला भाकरीचा ठसका लागला. मला ठरवायला सांगितलं! खरं सांगतो, त्या रात्री मी झोपलोच नाही. मनात एकच, काहीही झालं तरी चूक करायची नाही. नीट तपासायचं. कुणी बोट ठेवता कामा नये.

वहिनी तेवढं म्हणाली होती, "भाऊजी, आईंना एकदा घेऊन जा ना सोबत. बसून बघतील."

बरोबर होतं तिचं. पण नाशिकपर्यंत आईला न्यायचं कशातून? पिकअपची केबिन तर एसटीलाही लाजवेल इतकी उंच. आईला गाडी दाखवायची तर आधी घरात गाडी हवी होती. दादाला रजा नाही, बाबांना दुकान सोडवत नाही. पण पाच माणसं बसल्यावर गाडी घाट कसा चढते, पोट घासतं का, हे बघायचं तर पाच माणसं हवीतच. मी खूप विचार केला. आणि मला, नववी नापास माणसाला, एक उपाय सुचला.

पोती.

हसू नका. माझा आयुष्यभराचा धंदा तो. माझ्या दृष्टीने गाडी तपासायची म्हणजे माल भरून तपासायची. पिकअपमध्ये तांदूळ होताच. दुकानाच्या काट्यावर बाबांना आणि आईला काहीतरी निमित्त काढून उभं केलं. वहिनीला काट्यावर उभं करायची माझी हिंमत नाही, म्हणून तिचं अंदाजाने धरलं. त्या मापाने तीन पोती भरली आणि गोंधळ नको म्हणून वर खडूने नावं घातली. आई. बाबा. वहिनी.

नाशिकच्या शोरूममध्ये पोचलो. तिथली फरशी अशी चकचकीत, की चप्पल बाहेर काढायची का, हेच मला कळेना. एक विक्रेता आला, टाय लावलेला, गोड बोलणारा. चाचणीला कुठली गाडी काढू म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही.

"फॅमिली आली आहे का सोबत, साहेब?"

"आली आहे," मी म्हटलं आणि पहिलं पोतं पाठीवर घेऊन आत आलो.

तो माणूस सभ्य होता. त्याने फक्त टाय सैल केला आणि आतून प्लास्टिक मागवून सीटवर अंथरलं. दादाचं पोतं मी आणलंच नव्हतं, कारण पुढच्या सीटवर तो विक्रेता स्वतः बसणारच होता आणि वजनाला साधारण दादाएवढाच होता.

आधी सेडान. आता नीट ऐका, मी काय तपासलं ते. त्या गाडीत पोतं ठेवायचं म्हणजे कमरेत वाकायचं, मान आत घालायची, आणि मग आईला अलगद खाली टेकवायचं. तीन पोत्यांत माझी पाठ धरली. मनात म्हटलं, हा एक गुण कमी. रस्त्यावर निघालो. वळणावर आई बाबांच्या अंगावर कलंडली, थांबून बेल्ट आवळला. पुढे एका गतिरोधकावर खालून खर्रर्र असा आवाज आला. विक्रेत्याने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, हा दुसरा गुण कमी.

मग उंच गाडी. काय सांगू! खांद्यावरून पोतं निघालं ते सरळ सीटवर. वाकणं नाही, ओढणं नाही. सीटची उंची बरोबर माझ्या खांद्यावरून उतरवायला सोपी. गतिरोधक आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. वहिनी हलली नाही. आई तर इतकी निवांत बसली होती की मला भरून आलं. खरंच डोळ्यांत पाणी आलं हो, पोत्याकडे बघून. विक्रेत्याने मला हळूच पाण्याची बाटली दिली.

तिथेच उंच गाडी नक्की केली.

घरी आलो. बाबांनी विचारलं, सगळं तपासलं का? मी आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून म्हटलं, "पाच माणसं बसवून तपासलं." दादाने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. पोत्यांचं काही मी बोललो नाही. विचारलंच नाही कुणी.

गाडी दारात आली तो दिवस. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, गल्लीतले सगळे जमलेले. आई नवी साडी नेसली होती. ओवाळून झालं, नारळ फुटला. बाबा म्हणाले, पहिला मान आईचा, आणि लगेच मोखाड्याला निघायचं. मावशीला फोन गेला होता, तिने वरण-भात टाकला होता. मी स्टिअरिंगवर बसलो. दादाने मागचं दार उघडलं. आईने देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला.

पाय अर्ध्यावर आला आणि थांबला.

तिने दुसरा पाय उचलून बघितला. तोही तिथेच थांबला. ती आमच्याकडे बघून हसली, ओशाळल्यासारखी, जणू चूक तिचीच.

मग सुरू झालं. वहिनी दुसऱ्या दारातून आत जाऊन हात ओढायला लागली. दादा मागून आधार देऊ लागला. गल्लीतले सल्ले द्यायला लागले. आधी डोकं घाला. नाही, आधी पाठ करा. उडी मारा, असंही एक जण म्हणाला. कुणीतरी घरातून स्टूल आणलं. पण स्टूल म्हणजे तरी दुसरी पायरीच की! आई त्यावर कशीबशी चढली आणि तिथेच राहिली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. नवी साडी, गळ्यात गाडीच्या हारातला उरलेला हार. दोन बायकांनी लांबून हात जोडले, ते चेष्टेने की मनापासून, अजून कळलेलं नाही.

बाबा माझ्या खिडकीशी आले.

"तू तपासलंस म्हणालास ना?"

"तपासलं."

"मग तिथे आई बसली कशी?"

"मी बसवली."

"कशी बसवली?"

मी आरशातून मागे बघितलं. खोटं बोलता येत नाही मला, तेवढी हुशारीच नाही. म्हटलं, "उचलून."

मग हळूहळू एक एक गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली. काटा, खडू, प्लास्टिक, सगळं. वहिनीने एवढंच विचारलं, "माझं वजन किती धरलं होतं?" मी आकडा सांगितला. त्यानंतर चार दिवस मला डब्यात नुसती भाकरी आली.

आणि तेव्हा, त्या हार घातलेल्या गाडीत बसून, मला उमगलं. पोत्याला गुडघे नसतात. मी चढवणाऱ्याची सोय बघितली होती, चढणाऱ्याची नाही. ज्या उंचीला मी पैकीच्या पैकी गुण दिले, तीच आईच्या आड आली. ज्या बुटक्या गाडीला वाकावं लागतं म्हणून नापास केलं, तिच्यात आई पाठ करून अलगद बसली असती. घरासाठी गाडी आणायला गेलो आणि दुसरा पिकअप घेऊन आलो.

शेवटी दादानेच वाट काढली. आईला स्टुलावरून खाली घेतलं, मला गाडी मागे घ्यायला लावली आणि आमच्या ओट्याला अगदी चिकटून उभी करायला सांगितली. ओटा आणि गाडीचं दार एका पातळीत आलं. आई ओट्यावरून चालत आली आणि नुसती सरकून सीटवर बसली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी स्वतःला माफ करायच्या बेतात होतो.

मोखाड्याला पोचलो. आई रस्ताभर खिडकीतून बघत होती, दोन वर्षांत काय काय बदललं ते मोजत होती. मावशीचं घर आलं आणि मी गाडी थांबवली. मावशीच्या घराला ओटा नाही. घर रस्त्याच्या खाली, उतारावर. त्या घराकडे मी महिन्यातून आठ वेळा बघत होतो, पण हे कधी दिसलंच नव्हतं.

चढायला ओटा होता. उतरायला काही नव्हतं.

तेव्हा काठी टेकत मावशीच वर आली. तिचेही गुडघे तसेच, माहेरूनच आलेले दोघींना. आई आत, मावशी बाहेर, मध्ये खिडकी. आईने काच खाली करायला सांगितली. मग दोघींनी खिडकीतून एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. दोन वर्षं फोनवर इतकं बोललेल्या बायका. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

मावशीला खुर्ची आणून दिली. जेवणाचं ताट खिडकीतून आत गेलं, रिकामं बाहेर आलं. येणारा जाणारा थांबून विचारत होता, गाडी बंद पडली का? मी प्रत्येकाला हो म्हणत होतो. तेच सोपं होतं.

निघताना मावशीने गाडीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कमे, गाडी पसंत कुणी केली गं?"

आईने माझी बाजू घेतली. ती नेहमीच घेते. "यानेच की. एकट्याने. सगळं नीट तपासून आणली बघ."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा गाडीकडे. आणि आईच्या हातावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाली, "मग याच्यासाठी मुलगी बघायला जाल ना, तेव्हा याला घरीच ठेवा."

त्याला आता सहा महिने झाले. परवा एक स्थळ येऊन गेलं म्हणे. मला संध्याकाळी कळलं. मी नाशिकला होतो, मुद्दाम पाठवलं होतं.