मागच्या बोळाचं फाटक

त्या शनिवारी सकाळी व्हर्नेल गॅस्किन्स कचऱ्याची पिशवी घेऊन परसात गेली, तर परसाचं दार उघडेना. तिने खांदा लावला. दार बोटभर सरकलं आणि पलीकडे काहीतरी खळखळलं. फटीतून पाहिलं तर बोळात, अगदी तिच्या दाराला टेकून, फुटक्या फरश्यांचा ढीग आणि त्यावर एक अख्खा कमोड. कुणीतरी ट्रक रिकामा करून पसार झालं होतं.

ती पुढच्या दाराने बाहेर पडली, कोपऱ्यावरून वळून बोळात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेजारची डेलोरिस केसांना कर्लर लावलेल्या अवतारातच आली.

"बसायची सोय झाली की गं तुझी," कमोडकडे पाहत ती म्हणाली.

"हस तू. पुढच्या वेळी तुझ्या दारात टाकतील."

"मग मी तुझ्याकडे ढकलीन."

दोघींनी दुपारपर्यंत हातगाडीने तो ढीग उपसला. संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ धरून बसली असताना व्हर्नेलने ठरवलं, हा बोळ बंद करायचा.

व्हर्नेल एकसष्ट वर्षांची. बॉल्टिमोरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत ती नवऱ्याबरोबर, रॉस्कोबरोबर, पंचविशीत राहायला आली. विटांची दुमजली चोवीस घरं, भिंतीला भिंत लागून, आणि प्रत्येक घराला रस्त्यावर उतरणाऱ्या तीन पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या. एकोणतीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. रॉस्को गेला, मुलगी टिशा अटलांटाला गेली. ती दर रविवारी फोनवर विचारायची, "मम्मा, तिथे आता काय ठेवलंय?" व्हर्नेलला उत्तर द्यावंसं वाटायचं नाही. डेलोरिस शिंकली तर भिंतीतून ऐकू येतं आणि आपण इकडून "औषध घे गं" म्हणून ओरडतो, हे अटलांटात बसून टिशाला कसं कळणार?

बोळ बंद करता येतो, हे तिला रहिवासी मंडळाच्या बैठकीत कळलं. दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं बसवायची, घरोघर किल्ल्या द्यायच्या. मग ट्रक घुसणार नाहीत, पोरांना खेळता येईल, टेबलं मांडून जेवता येईल. अट एकच होती : चोवीसच्या चोवीस घरमालकांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तरी अर्ज परत.

"एकवीस मिळतील," डेलोरिस म्हणाली. "चोवीस या गल्लीत आजवर कशालाच मिळाल्या नाहीत."

"मला चोवीसच हव्यात," व्हर्नेल म्हणाली.

एप्रिल संपेपर्यंत दोघींनी अठरा दारं पालथी घातली. कॉलेजची पोरं भाड्याने राहत होती त्या घराचा मालक सही करायला टाळाटाळ करत होता. व्हर्नेलने तो कुठे केस कापतो ते शोधून काढलं आणि शुक्रवारी त्या न्हाव्याच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसली. अर्ध्या डोक्याचे केस कापलेले असताना त्याने सही केली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेवीस झाल्या. उरले फक्त मिस्टर कॅझ.

कॅझमीर व्होयतास म्हणजे पाचव्या घरातला म्हातारा. पोलाद कारखान्यात आयुष्य गेलेला, पंजे फावड्यासारखे, बोलणं मोजकं. पहिल्यांदा त्याने जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, "नको."

"निदान कागद तरी बघा, मिस्टर कॅझ."

"बघितला. नको."

दुसऱ्यांदा ती रताळ्याचं गोड सारण भरलेली पाई भाजून घेऊन गेली. त्याने पाई घेतली आणि दार लावलं. तिसऱ्यांदा दार उघडलंच नाही, पण पडद्यामागे सावली हलली.

डेलोरिस खवळली. "आपण सगळे मिळून त्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहू. तेवीस माणसं समोर बघून लाजेने सही करेल."

"लाजवून घेतलेली सही मला नको."

"मग बस कमोडवर."

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी व्हर्नेल परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. बोळात रुग्णवाहिका शिरली आणि पाचव्या घरामागे थांबली. दोन माणसं मिस्टर कॅझच्या परसातून स्ट्रेचर घेऊन बाहेर आली. स्ट्रेचरवर त्याची बायको इर्मा होती, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. म्हातारा बाजूने चालत होता, एका पायात चप्पल, दुसऱ्यात मोजा.

व्हर्नेल काठी हातात धरून तशीच उभी राहिली. तिचं घर आणि त्यांचं घर एकाच साच्यातलं. पुढच्या दाराशी जिना असा आडवा येतो की सोफासुद्धा आत आणताना रॉस्कोला दाराची चौकट काढावी लागली होती. तिथून स्ट्रेचर वळणार नाही. इर्माला नेण्याआणण्याची वाट एकच होती, मागची. आणि आपण तीन वेळा त्याच्या दारात जाऊन ती बंद करायला सही मागत होतो.

इर्मा चार दिवसांनी घरी आली. व्हर्नेल पाचव्या दिवशी गेली, हातात कागद न घेता.

"मिस्टर कॅझ, मला आधी का नाही सांगितलंत?"

तो जाळीचं दार ढकलून बाहेर आला आणि पायरीवर बसला. "माझी बायको आजारी आहे म्हणून गल्लीला फाटक नको, असं सांगू? चोवीस घरांना?"

"हो. तसंच सांगायचं."

"किल्ली आहे, कुलूप आहे म्हणतील. मागच्या महिन्यात तिचा श्वास अडकला तेव्हा गाडी दारात यायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं किती असतात, ठाऊक आहे तुम्हाला? त्यात मी कुणाला कुलूप उघडायला लावू?"

व्हर्नेलला ठाऊक होतं. रॉस्को स्वयंपाकघरात पडला तेव्हा तिनेही घड्याळाकडे पाहिलं होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "या टोकाचं फाटक तुमच्या घराच्या पलीकडे बसवू. आपल्या बाजूची पहिली पाच घरं बाहेर राहतील. पाचव्या घरापर्यंत गाडी सरळ येईल. बाकी एकोणीस घरं आत."

"तुमचं घर तर तिसरं."

"मोजता येतं मला."

त्याने सही करायला पेन मागितलं. पण नकाशा बदलला होता, म्हणजे अर्ज नवा, म्हणजे सगळ्या सह्या पहिल्यापासून. गुडघा सुजलेला होता. तिने पट्टा बांधला आणि निघाली. या वेळी प्रत्येक दारात तिने इर्माबद्दल सांगितलं, मिस्टर कॅझची परवानगी घेऊन. पहिल्या आणि चौथ्या घराने कुरकुर केली, पण बोळ आरपार राहिला नाही की निम्मे ट्रक आपोआप कमी होतील, हे त्यांना पटलं. न्हाव्याच्या दुकानात तर घरमालकाने तिला पाहताच पेन काढलं. जूनच्या अखेरीस पुन्हा तेवीस झाल्या.

राहिली डेलोरिस. दुसरं घर.

"अठरा दारं मी तुझ्याबरोबर हिंडले," डेलोरिस म्हणाली. "उन्हात. आणि आता मलाच बाहेर ठेवलंस?"

"मी पण बाहेरच आहे."

"तू तुझ्या मर्जीने. मला विचारलंस का? आधी त्याला शब्द दिलास, मग मला सांगायला आलीस."

ते खरं होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. डेलोरिसने दार लावून घेतलं. त्या आठवड्यात भिंतीपलीकडून शिंक आली तेव्हा व्हर्नेल सवयीने ओरडली, आणि पलीकडून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण उरकून व्हर्नेल डेलोरिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. दार वाजवलं नाही, कागद नेला नाही. अंधार पडेपर्यंत बसली आणि घरी गेली. पुढच्या दिवशी पुन्हा. येणारेजाणारे विचारायचे, "मिस व्हर्नेल, घर चुकलात काय?" ती म्हणायची, "नाही, बरोबर आहे." चौथ्या दिवशी पाऊस आला, ती छत्री घेऊन बसली. आतून पडदा हलत होता. सातव्या दिवशी व्हर्नेलच्या मनात आलं की आता सही नाही मिळाली तरी चालेल, पण ही शेजारीण गेली तर मग खरंच अटलांटाला गेलेलं बरं.

आठव्या दिवशी दार उघडलं. डेलोरिसने एक उशी तिच्या अंगावर फेकली.

"ही खाली घे. पायऱ्या आज घासल्यात मी. तुझ्या बुडाने मळवू नकोस."

मग ती शेजारी बसली.

"आपल्या बाजूला दिवा पाहिजे मला," डेलोरिस म्हणाली. "मोठा. कुणी टाकायला आलं तर तोंड दिसलं पाहिजे त्याचं. आणि पहिलं जेवण आपल्या टोकाला. फाटकाच्या आतल्यांनी चालत यायचं बाहेर."

"मान्य."

"यापुढे आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"आण कागद."

फाटकं ऑक्टोबरमध्ये बसली, दिवाही लागला. त्यानंतरच्या रविवारी बोळात टेबलं जोडून वर्तमानपत्रं पसरली आणि वाफवलेल्या, तिखट मसाला चोपडलेल्या खेकड्यांचे ढीग ओतले. लाकडी हातोड्यांनी कवचं फोडायचा आवाज पार पुढच्या रस्त्यापर्यंत जात होता. मिस्टर कॅझने इर्माला चाकाच्या खुर्चीत पांघरुणात गुंडाळून बाहेर आणलं. ती तासभर बसली. डेलोरिसने तिच्यासाठी नांगीतलं मांस काढून बशीत ठेवलं, आणि कुणी पाहत नाही असं बघून तिची प्राणवायूची नळी नीट केली.

इर्मा फेब्रुवारीत घरीच, झोपेत गेली. एप्रिलमध्ये मिस्टर कॅझ व्हर्नेलच्या दारात आला, टोपी हातात घेऊन.

"आता फाटक टोकाला सरकवा," तो म्हणाला, "मला गाडी लागणार नाही. आपली पाचही घरं आत घ्या."

"पुन्हा चोवीस सह्या, मिस्टर कॅझ. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात."

"मी फिरतो. तुम्ही नुसत्या बरोबर चला."

व्हर्नेलने आधी डेलोरिसला विचारलं. मग तिघं निघाली. पहिल्याच घरी म्हाताऱ्याने दारावर असा पंजा हाणला की आतलं कुत्रं पलंगाखाली गेलं. दार उघडताच त्याने कागद पुढे केला.

"सही," तो म्हणाला.

"अहो मिस्टर कॅझ," डेलोरिसने त्याची बाही ओढली, "आधी गुड मॉर्निंग तरी म्हणा!"

त्याने टोपी काढली, घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.