दैवशालासाठी टर्बो

मुरुमच्या बसस्टँडमागं शांतलिंगचं गॅरेज आहे. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या आणि स्वतःची डिझेल जीप मात्र तशीच दामटली. साडेचार लाख किलोमीटर पळालेली ती जीप गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा सोलापूरला जायची. त्याच्या बायकोच्या, दैवशालाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिला डायलिसिसला न्यावं लागे.

जाताना ठीक असायचं. येताना तिच्या अंगात त्राण नसायचं. नळदुर्गच्या चढाला जीप धापा टाकायची, मागचे ट्रकसुद्धा हॉर्न मारत पुढं निघून जायचे. डोळे मिटूनच दैवशाला विचारायची, "आलं का मुरुम?" अजून निम्मी वाट बाकी असायची.

म्हणून त्यानं इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवायचं मनावर घेतलं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या बसप्पा वस्तादांना बोलावलं. वस्तादांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं. तिसऱ्या सिलिंडरला गेजचा काटा वर चढेचना; ते आतून झिजलं होतं.

"शांत्या, म्हाताऱ्या बैलाला शर्यतीला जुंपायलास," ते म्हणाले. "असाच टर्बो लावलास तर हेड गॅसकेट उडंल. आधी सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन टाक, टर्बोला तेलाची लाईन काढ, रेडिएटर मोठा कर. न्हायतर नाद सोड."

"किती दिस लागतेल?"

"समदं येळेवर मिळालं तर पंधरा."

दैवशालानं ऐकलं आणि म्हणाली, "चालायलीय की जीप. कशाला खोलताव? मला न्हाय घाई."

"तुझे हाल मला बघवत न्हाईत," असं म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी इंजिन खाली उतरवलं.

पिस्टन आले ते चुकीच्या मापाचे. परत पाठवले, नवे येईनात. पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. दोनदा भाड्यानं गाडी केली, तिसऱ्यांदा ती लग्नाच्या वऱ्हाडाला गेली होती. मग एसटी. एकदा तर नळदुर्गपर्यंत दैवशाला त्याच्या खांद्याला धरून उभी होती.

त्या शुक्रवारी ती अंथरुणातून उठलीच नाही. "आज नगं. बस चढायचं बळ न्हाय. मंगळवारी जाऊ."

शांतलिंगनं हट्ट धरला नाही. पिस्टन संध्याकाळी येणार होते. मंगळवारी आपल्याच जीपमधून नेऊ, असा हिशेब त्यानं मनात केला आणि मान डोलावली.

रविवारी दुपारी तिला धाप लागली. तिला घेऊन निघालेली अँब्युलन्स नळदुर्गला पोचायच्या आत सगळं संपलं.

लेक अर्पिता पुण्याहून आली. दहा दिवस बापाजवळ राहिली. "अप्पा, तुमी तिच्यासाठीच केलं ना," ती परत परत सांगायची.

"तिनं खोलू नगा म्हणलं व्हतं," एवढंच तो बोलायचा.

तीन महिने इंजिनावर ताडपत्री होती. शेवटी बसप्पा स्वतःच पाने घेऊन आले. दोघांनी मिळून जोडणी केली. शेवटी वस्तादांनी खोक्यातून टर्बो काढला. "बसवायचा?"

शांतलिंगनं मान हलवली. नको.

त्यानं चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. "झकास!" वस्तादांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग त्यांनी आत बघितलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून शांतलिंग हमसून हमसून रडत होता.

वस्तादांनी इंजिन बंद केलं नाही. ते बॉनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले.