अठ्ठावीस नंबरचं इंजिन आणि बाळूचं लग्न

खेळण्यातल्या ट्रकला कोणतं इंजिन घ्यावं, हे ठरवायला सासऱ्यांना बसवू नये.

माझ्याकडं असा ट्रक होता. तेव्हा मी शिरूरहून रोज कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात सुपरवायझरकी करायला जायचो. तिथले एक परदेशी साहेब मायदेशी परतताना मला हा रिमोटवरचा ट्रक देऊन गेले. हातभर लांब, चाकं नारळाएवढी, आणि ढेकळांतून उड्या मारत पळणारा! पेट्रोलवर नाही हं, त्याला नायट्रो नावाचं खास इंधन लागायचं. अडचण एकच, इंजिन जाम झालेलं. (फुकट ते पौष्टिक, म्हणून मी काही बोललो नाही.)

मग मी नवीन इंजिन निवडायला बसलो. कारखान्यातून आलो की थेट सायबर कॅफे. पंधरा नंबर, अठरा, एकवीस, अठ्ठावीस; नंबर जितका मोठा तितकं इंजिन दांडगं. एवढी चौकशी मी लग्नासाठी मुलगी बघतानासुद्धा केली नव्हती. (हे वाक्य मी सुनंदासमोर, म्हणजे बायकोसमोर, बोलून बसलो. पुढं दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.) शेवटी ठरलं, पंधरा नंबर. ट्रक हलका, गिअर नाजूक, त्याला तेवढंच झेपतं.

नेमकं त्याच रविवारी आम्ही केंदूरला सासुरवाडीला गेलो.

"आबा, ह्यांना खेळण्याचं इंजिन घ्यायचंय," सुनंदानं ओसरीवरच जाहीर केलं. तिला वाटलं, वडील मला चार शब्द सुनावतील.

आबांनी मळलेली तंबाखू हातातच धरली. "किती एचपीचं?"

"एक धरा. जरा कमीच."

"एक?" आबांना खरोखर वाईट वाटलं. "आवो जावईबापू, गावात तोंड कसं दाखवू? त्यातलं मोठं कंचं हाय?"

"अठ्ठावीस नंबर. पण ते ह्या ट्रकला..."

"आपल्या हिरीवर तीनची मोटर पुरत व्हती. म्या पाचची टाकली. का? व्होल्टेज पडलं तरी पानी चढतं! मोठं घेतल्यालं कवा वाया जात न्हाई. अठ्ठावीसच घ्या. आन् टाकी बी मोठी बसवा. सारखं सारखं कोन भरतंय?"

सासऱ्यापुढं जावयाला तोंड असतं, पण ते जेवायला. मी पुण्यातल्या दुकानातून मुकाट्यानं अठ्ठावीस नंबर आणलं. ते बसेना, म्हणून ट्रकच्या तळाला नवीन भोकं पाडली. टाकी बसेना, म्हणून ती तारेनं आवळली. सगळं झाल्यावर तो ट्रक बारक्या पोरानं थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखा दिसायला लागला.

इकडं माझ्या मेहुण्याचं, बाळूचं, लग्न काही जमत नव्हतं. पोरगा गुणी, पण कुठं पत्रिका अडायची, कुठं पाव्हणे अडायचे. सासूबाईंनी तर देव पाण्यात ठेवले होते. शेवटी वरवंडचं एक स्थळ जुळत आलं. बाळूला मुलगी इतकी आवडली होती, की तो म्हशीला वैरण टाकतानासुद्धा हसायचा. आता फक्त मुलीकडचे घर बघायला येणार होते. ते हो म्हणाले की सुपारी!

आदल्या दिवशी आबांचा फोन. "ट्रक घिऊन या. म्या वरवंडकरांना सांगितलंय, आमचा जावई इंजिनं बनवतो."

"आबा, मी बनवत नाही! मी लायनीवरच्या माणसांची हजेरी घेतो!"

"त्येच त्ये."

"आणि इंजिन नवीन आहे, आधी हळूहळू चालवून सुटं करावं लागतं. नव्या ट्रॅक्टरला करतो ना आपण, तसं."

"करा की हितं. पाव्हण्यांसमोरच करा!"

पाव्हणे आले. मुलीचे वडील आप्पा, भारदस्त मिशा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. सोबत मुलीची आत्या, जिच्या नजरेतून घरातलं जळमटसुद्धा सुटत नव्हतं. पोहे झाले, रान बघून झालं, विहीर झाली. बाळू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मान खाली घालून, नवरीसारखा उभा. सगळं कसं छान चाललं होतं. एवढ्यात आबा म्हणाले, "जावईबापू, दाखवा आता!"

मी दोरी ओढली. आवाज असा झाला, की शेजारच्या आळीतली माणसं पळत आली. अंगणभर धूर. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला. ट्रक एकदा पुढं गेला, एकदा मागं आला, आप्पा "वा!" म्हणाले, आणि त्या थरथराटानं आतली रिमोटची वायर निसटली.

रिमोट हातात, गाडी रानात!

रानात गेली असती तरी चाललं असतं हो. ती आधी पोह्यांच्या रिकाम्या बश्यांतून गेली, मग आत्याबाईंच्या खुर्चीखालून, मग कांद्याच्या ढिगातून आरपार. कांदे गडगडत अंगणभर पसरले. म्हशीनं दावं तोडलं. मी रिमोटची बटणं दाबत, कांद्यांवरून घसरत, "थांब! थांब!" ओरडत मागं पळत होतो. (रिमोट चालत नसला की माणूस तोंडानं चालवतो.)

"दाजी, धरा तिला!" बाळू किंचाळला. "माझं लगीन हाय वो!"

"टाकी संपली की थांबेल!"

"कवा संपंल?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी आभाळाकडं बघितलं.

"पाव्हणं, वर चढा!" आबांनी सगळ्यांना गोबरगॅसच्या कट्ट्यावर चढवलं. उंच जागा, ट्रक काही तिथं चढणार नाही. आबांचं बरोबर होतं, तो चढला नाही. तो कट्ट्यालगतच्या शेणकाल्याच्या हौदात पडला. चाकं अर्धी बुडाली, इंजिन मात्र वर राहिलं आणि फुल्ल जोरात चालू राहिलं. अठ्ठावीस नंबर! चारही चाकांनी शेणकाला उचलला आणि कट्ट्यावर एका ओळीत उभ्या असलेल्या दोन्ही घराण्यांवर सढळ हातानं शिंपडला. आप्पांच्या मिशा, आत्याबाईंचं नाक, बाळूचा सदरा, कुणालाही डावललं नाही.

मग इंजिन बंद पडलं. आबा डोळे पुसून हळूच मला म्हणाले, "बघा, बारकं आसतं तर इतक्या लांब उडालं नसतं."

पाव्हण्यांना विहिरीवर नेऊन आंघोळी घातल्या. सासूबाई देवापुढं बसल्या. बाळू गोठ्यात जाऊन म्हशीच्या मानेत तोंड खुपसून रडत होता. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचं हातातोंडाशी आलेलं लग्न मी शेणात घातलं होतं, तेही अक्षरशः! सुनंदा जवळ आली, एवढंच म्हणाली, "शिरूरला चला, मग बघते."

आप्पा आबांचं धोतर नेसून ओसरीवर आले. बसले. मिशीवरून हात फिरवला, हाताचा वास घेतला, हात लांब धरला.

"आबा, खरं बोलू का?"

"बोला," आबा म्हणाले.

"तुमचं घर चांगलं, रान बागायती, पोरगं निर्व्यसनी. एवढं समदं चांगलं म्हंजी कुठंतरी खोट असनारच, आसं माझी बहीण म्हनायची. म्हैनाभर चौकशी केली. खोट सापडंना! जिवाला नुसता घोर." आप्पांची नजर सावकाश फिरत माझ्यावर येऊन थांबली. "आज सापडली."

मी कांदे गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकलो.

"आन् ती बी बाहेरनं आल्याली," आत्याबाई आतून म्हणाल्या, "घराच्या रक्तातली न्हाई. फोडा सुपारी!"

बाळूचं लग्न थाटात झालं. तेव्हापासून केंदुरात कुणाचं स्थळ अडलं, की मला आग्रहाचं बोलावणं येतं. मी विचारतो, "ट्रक घेऊन येऊ?"

"छ्या! ट्रक कशाला?" म्हणतात. "तुमी नुसतं येऊन बसा. तेवढ्यानं भागतं."